घराला लागून मैदान किंवा टर्फ आहे आणि त्रास होतोय? पहिल्यांदाच यात पडणाऱ्यांसाठी

टर्फची तक्रार घेऊन जे कोणी येतं त्याचं पहिलं वाक्य बहुतेक एकच असतं, मॅडम ते बंद करायचंय. मी दिवाणी कोर्टात प्रॅक्टिस करते, सोसायट्यांची कामं बरीच असतात, आणि मुंबईत मोकळा प्लॉट दिसला की तिथे हिरवं टर्फ, म्हणजे तासावर भाड्याने मिळणारं नकली गवताचं मैदान, टाकायला लागल्यापासून हे वाक्य फार ऐकू येतं. मी आधी कोरा कागद पुढे करते आणि म्हणते, बंद हा शब्द बाजूला ठेवा, नक्की काय थांबायला हवं ते लिहा. रात्री अकराला वाजणाऱ्या शिट्ट्या? बेडरूममध्ये घुसणारा फ्लडलाइट? काचेवर येणारा सीझन बॉल? धूळ? गेटसमोर आडव्या लावलेल्या बाइक? एकेक ओळ लिहून काढा, कारण पुढे मॅनेजरशी बोलताना, पोलिस स्टेशनला, वॉर्ड ऑफिसला आणि वेळ आलीच तर कोर्टात हीच यादी उपयोगी पडते, आणि मिळतं ते याच यादीतलं मिळतं, बंद फार क्वचित मिळतं.

आणि मला मनापासून वाटतं की बंद मागूही नये. या शहरात पोरांना पळायला जागा किती उरलीय ते आपण सगळे बघतोय, मैदान एकदा गेलं की तिथे परत मैदान येत नाही, टॉवर येतो. पण म्हणून शेजारच्या आजारी माणसाने किंवा दहावीच्या पोरीने रात्री साडेबारापर्यंत जागं राहावं हेही मला मान्य नाही. वेळ, उजेड, आवाज आणि बॉल या चार गोष्टींना मर्यादा घातली की बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजू नांदू शकतात. हा लेख ती मर्यादा कशी मिळवायची त्याबद्दल आहे.

आधी शोधा, मैदान आहे कोणाचं

हे लोक करतच नाहीत, सरळ तिथल्या काउंटरवरच्या पोराशी भांडायला जातात, आणि तो बिचारा पगारी असतो. मुंबईत खेळायची जागा पाच-सहा प्रकारची असते. बीएमसीचं मैदान, जे विकास आराखड्यात (डीपी) पीजी म्हणजे प्लेग्राउंड किंवा आरजी म्हणजे रिक्रिएशन ग्राउंड म्हणून राखीव असतं आणि कधीकधी एखाद्या संस्थेला सांभाळायला दिलेलं असतं. सरकारी जमिनीवरची लीजची जागा, जिमखाने बरेचसे असेच आहेत. शाळेचं ग्राउंड, जे शाळा सुटल्यावर अकॅडमीला भाड्याने जातं. खासगी प्लॉट किंवा बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवरचं टर्फ. कुठल्यातरी इमारतीच्या गच्चीवरचं किंवा पोडियमवरचं टर्फ. आणि शेवटचं म्हणजे तुमच्याच सोसायटीचं कोर्ट, त्यात तर भांडण घरातलंच, ते आधी कमिटीत आणि जनरल बॉडीत सोडवा.

प्रत्येकात दार वेगळं ठोठवावं लागतं. बीएमसीची जागा असेल तर संस्थेशी झालेल्या करारात वेळा, शुल्क, लाइट, कमर्शियल वापर यांच्या अटी असतात, आणि बऱ्याचदा तुमचा त्रास म्हणजे सरळसरळ त्या अटींचाच भंग असतो, मग कोर्टाची गरजच पडत नाही. तो करार मिळवायला वॉर्ड ऑफिसला माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात मोघम लिहू नका, 'अमुक सी.टी.एस. (सिटी सर्व्हे) नंबरच्या जागेवरच्या मैदानाचा करार, परवानगी दिलेल्या वेळा, फ्लडलाइटची परवानगी, तात्पुरत्या शेडची परवानगी, यांच्या प्रती' असं एकेक मागा. जागेवर आरक्षण कुठलं आहे ते बीएमसीच्या डीपी रिमार्कमध्ये दिसतं, तो ऑनलाइन मिळतो. खासगी प्लॉट असेल तर प्रॉपर्टी कार्ड काढा म्हणजे मालक कळेल, कारण टर्फ चालवणारा बहुतेक भाडेकरू असतो, आणि मालकाला पत्र गेलं की पुष्कळदा चालवणाऱ्याचा सूर बदलतो.

कायद्याच्या नजरेत त्रास म्हणजे काय

याला खासगी उपद्रव म्हणतात, कोर्टाच्या आवारात सगळे नुसतं न्यूसन्स म्हणतात. मुद्दा साधा आहे, शेजारी त्याची जागा कशी वापरतो त्यामुळे तुम्हाला तुमच्या घरात नीट राहता येत नाही, आणि हा त्रास वाजवीपेक्षा जास्त आहे. हा कायदा कुठल्या एका पुस्तकात कलमं घालून लिहिलेला नाही, तो इंग्लंडमधल्या आणि आपल्या कोर्टांच्या निकालांतून आलाय, म्हणून वाजवी किती हे प्रत्येक केसमध्ये पुराव्यावर ठरतं.

कोर्ट साधारण काय बघतं, तर एरिया कसा आहे, वेळ कुठली, रोज होतं की कधीतरी, किती वेळ चालतं, आणि सर्वसाधारण माणसाला हा त्रास वाटेल का. यातला शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. मला दुपारी चार वाजता पोरांची आउट-नॉटआउटची आरडाओरड सहन होत नाही, मायग्रेन आहे, हे तुमच्यासाठी खरं असेल पण त्यावर केस उभी राहणार नाही, कारण माप सर्वसाधारण माणसाचं लावतात. मैदानाला लागून राहणाऱ्याने रविवार सकाळची मॅच, मे महिन्याचा समर कॅम्प, वर्षातून एकदा होणारी गल्लीची टूर्नामेंट एवढं सोसायचंच असतं. पण रोज रात्री बारापर्यंत बॅटचा टकटक आवाज, स्पीकरवर गाणी, आठवड्यातून तीनदा ऑफिसवाल्यांच्या लीग आणि त्यात माइकवर कॉमेंट्री, हे वेगळं. बॉल येऊन काच फुटणं तर आणखी वेगळं, तिथे आवाजासारखं कमीजास्त मोजत बसावं लागत नाही, वस्तूचं नुकसान झालंय आणि माणसालाही लागू शकतं. कबुतरांसाठी लावलेली जाळी सीझन बॉल अडवत नाही हे मैदानाशेजारी राहणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे.

धूळ हाही त्रासच आहे. शिवाजी पार्कच्या आसपासचे रहिवासी लाल मातीच्या धुळीबद्दल कित्येक वर्षं तक्रारी करतायत, तिथे कोणी क्रिकेट बंद करा म्हणत नाही, मातीचं काहीतरी करा म्हणतात, आणि मागणी अशीच असावी.

पण मैदान तर आधीपासून होतं

समोरचा हे म्हणणारच, तुम्ही आमच्यानंतर आलात, घर घेताना दिसलं नाही का. हा मुद्दा ऐकून लोक गप्प होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

क्रिकेट आणि शेजारी यावरची सगळ्यात गाजलेली केस इंग्लंडची आहे, मिलर विरुद्ध जॅक्सन, १९७७. डरहॅम भागात लिंट्झ नावाच्या गावात साधारण सत्तर वर्षं क्रिकेट चालू होतं, मग मैदानाच्या कडेला घरं झाली, मिलर कुटुंबाने त्यातलं एक घेतलं आणि बॉल त्यांच्या बागेत यायला लागले. क्लबने कुंपण उंच केलं, काचांचे पैसे देतो म्हणाले, तरी बॉल येतच राहिले. अपील कोर्टात तीन जज होते. लॉर्ड डेनिंग यांचं मत पडलं की हा उपद्रवच नाही, गावाला क्रिकेट हवं. बाकी दोघं म्हणाले उपद्रव आहे, मैदान आधीचं असलं तरी आहे. पण त्या दोघांतल्या एकाने मनाईहुकूम द्यायला नकार दिला, त्यामुळे शेवटी खेळ चालू राहिला आणि मिलरना चारशे पौंड नुकसानभरपाई मिळाली. म्हणजे हक्क मान्य झाला आणि बंदी मात्र मिळाली नाही. बंद करा एवढं एकच मागणाऱ्याने ही केस नक्की वाचावी.

मैदान आधीपासून होतं हा बचाव चालत नाही हे त्यांच्या सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये कॉव्हेंट्री विरुद्ध लॉरेन्स या केसमध्ये परत सांगितलं. तिथे मोटरसायकल रेसिंगचं स्टेडियम १९७० च्या दशकापासून होतं आणि तक्रारदारांनी जवळचा बंगला २००६ मध्ये घेतला, तरी त्यांच्या बाजूने निकाल लागला. मात्र त्याच निकालात असंही म्हटलंय की वीस वर्षं असाच आवाज, उघडपणे, कोणाच्या हरकतीशिवाय चालू असेल तर तो करत राहायचा हक्क मिळूही शकतो. आपल्याकडेही १८८२ चा सुविधाधिकार कायदा वीस वर्षांची भाषा करतो. मुंबईत टर्फवाल्याला हे सहसा लागू पडत नाही, कारण शाळेचं ग्राउंड पन्नास वर्षांचं असेल पण रात्रीचा फ्लडलाइट तीन वर्षांचा असतो, आणि मोजायचं ते त्रासाचं वय, मैदानाचं नाही. म्हणून फ्लडलाइट कधी लागले, रात्रीचे स्लॉट कधी सुरू झाले, याची तारीख पक्की करून ठेवा. आणि हरकत लेखी घ्या, तोंडी नको.

आता एक उलट बाजूची केस. बोल्टन विरुद्ध स्टोन, १९५१, मँचेस्टरच्या चीटम क्लबच्या मैदानातून बॉल उडून रस्त्यावर उभ्या बाईंना लागला. तीस वर्षांत साधारण सहाच वेळा बॉल एवढा लांब गेला होता, म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, क्लबचा निष्काळजीपणा मानला नाही. यातून तुम्ही काय घ्यायचं, तर बॉल किती वेळा येतो हा आकडा तुमच्या केसचा जीव आहे. वर्षातून एकदा येत असेल तर तुमची बाजू कमजोर, महिन्यातून चार वेळा येत असेल तर भक्कम, आणि तो आकडा तुमच्याशिवाय कोणी लिहून ठेवणार नाही. हे इंग्लंडचे निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाहीत, पण वाचून दाखवले जातात आणि त्यांना वजन असतं.

डायरी

सगळ्यात महत्त्वाचं काम हे आणि सगळ्यात कंटाळवाणंही हेच. साधी वही घ्या, किंवा फोनवर शीट करा, आणि प्रत्येक वेळी तारीख, सुरू कधी झालं, थांबलं कधी, काय होतं, घरात कुठल्या खोलीत जाणवलं आणि त्याने काय झालं हे लिहा. 'खूप आवाज' असं लिहू नका, 'रात्री १०.४० ते १२.१०, शिट्टी आणि स्पीकर, मागची बेडरूम खिडकी लावून, मुलगी उठून हॉलमध्ये झोपली' असं लिहा. ज्या दिवशी त्रास झाला नाही तेही लिहा, 'आज पाऊस, टर्फ बंद', कारण अशा नोंदींमुळेच डायरीवर विश्वास बसतो. दीड-दोन महिने तरी सलग हवं, आणि एकाच घरातून नको, वेगवेगळ्या मजल्यांवरच्या तीन-चार घरांनी आपापली डायरी ठेवावी.

व्हिडिओ काढताना घड्याळ किंवा टीव्हीवरची वेळ फ्रेममध्ये घ्या, आणि शूटिंग स्वतःच्या घरातून करा, मैदानातल्या पोरांचे चेहरे झूम करत बसू नका. मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेली कॉपी कामाची नाही, कारण कोर्टात द्यायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं सर्टिफिकेट लागतं आणि त्यासाठी मूळ फाइल आणि मूळ फोन असलेला बरा. फोनमधली डेसिबल अ‍ॅप अंदाजापुरती ठीक, पुरावा म्हणून कच्ची, पुढे जायचंच असेल तर कॅलिब्रेट केलेल्या मीटरने माप घेणारा माणूस बोलवा आणि रिपोर्ट घ्या. काच फुटली तर तुकड्यांचा फोटो, बॉलचा फोटो, काचवाल्याचं पक्कं बिल.

एक सोपी गोष्ट बरेच जण विसरतात. टर्फचं बुकिंग ऑनलाइन असतं आणि स्लॉट सगळ्यांना दिसतात. रात्री अकरा ते बारा, बारा ते एक हे स्लॉट विकायला ठेवलेत आणि बुक झालेत, त्याचे तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. आम्ही दहानंतर बंद करतो असं समोरचा लिहून देईल तेव्हा हे कामाला येतात.

मग बोलायला जा

भांडण चालू असताना जाऊ नका. रात्री अकराला खाली उतरून टर्फच्या जाळीबाहेरून ओरडणं हा सगळ्यात वाईट मुहूर्त, खेळणारे पैसे भरून आलेले असतात, ते ऐकत नाहीत, कोणीतरी शिवी देतं आणि मग विषय टर्फचा राहत नाही. सकाळी जा, आधी फोन करून वेळ घ्या, दोघं-तिघंच जा, त्यात एक माणूस असा घ्या ज्याची पोरं तिथे खेळतात. सुरुवात साधी करा, 'दादा, टर्फ चालू राहावं असंच आम्हालाही वाटतं, आमची मुलंपण येतात तुमच्याकडे, फक्त रात्रीचं जरा बसून ठरवूया.' काकांना बीपी आहे हे सांगा, पण दमात घेऊ नका आणि आमच्या ओळखी कुठपर्यंत आहेत ते तर अजिबात सांगू नका.

मागायचं काय ते ठरवून जा आणि पैशाच्या हिशेबाने मागा, कारण समोरच्याचा धंदा आहे. फ्लडलाइटचं तोंड खाली वळवणं आणि वर पत्र्याची टोपी बसवणं याला फार खर्च येत नाही, आणि अर्ध्या इमारतीची झोप त्यानेच परत येते, म्हणून मी नेहमी सुरुवात उजेडापासून करायला सांगते. एक हो आलं की पुढची सोपी जातात. नंतर जाळी, तुमच्या बाजूची उंच करून वरूनही झाकणं. नंतर रात्री शिट्टी, माइक, स्पीकर बंद. मग वेळ, शेवटचा स्लॉट नऊ ते दहा. वेळेवर सगळ्यात जास्त अडतं कारण रात्रीचे स्लॉटच महाग असतात, तिथे शनिवार-रविवार थोडं सोडावं लागलं तर सोडा, बाकी पाच दिवस नीट मिळाले तर फायदा तुमचाच आहे.

ठरलं की त्याच दिवशी लेखी करा. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या तर उत्तम, नाहीतर तुम्ही पत्र द्या आणि पोच घ्या. पत्र असं चालेल:

'व्यवस्थापक यांस, विषय : रात्रीचा आवाज व फ्लडलाइट. आपल्या टर्फच्या आमच्या बाजूच्या दोन दिव्यांचा उजेड बी विंगच्या दुसऱ्या ते पाचव्या मजल्यावरील बेडरूममध्ये थेट येतो. तसेच रात्री दहानंतर शिट्ट्या व स्पीकर चालू असतात. मागील दोन महिन्यांतील तारखा व वेळा सोबत जोडल्या आहेत. अमुक तारखेच्या भेटीत आपण दिवे वळवण्याचे व रात्री दहानंतर स्पीकर न लावण्याचे मान्य केले. हे काम पंधरा दिवसांत व्हावे ही विनंती. टर्फ बंद करण्याची आमची मागणी नाही.'

शेवटची ओळ काढू नका. ती पुढे जज वाचतो.

पोलिस आणि वॉर्ड ऑफिस

आवाजाचे नियम २००० सालचे आहेत, ध्वनिप्रदूषण नियम. रात्र म्हणजे दहा ते सहा. राहत्या वस्तीत मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, कमर्शियल भागात ६५ आणि ५५, आणि जाहीर झालेल्या सायलेन्स झोनमध्ये ५० आणि ४०. लाउडस्पीकर लावायला लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सहा उघड्यावर तो लावताच येत नाही, हॉलसारख्या बंद जागेत आतल्या आत चालतो. जाळीने झाकलेलं टर्फ म्हणजे बंद हॉल नव्हे. सणासुदीला वर्षातले ठरावीक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, सरकार रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सांस्कृतिक आणि धार्मिक कार्यक्रमांना, कंपनीच्या बॉक्स क्रिकेट लीगला नाही.

म्हणून ११२ ला फोन कराल तेव्हा मुलं खेळतायत असं सांगू नका, त्याने गाडी येईल पण काही होणार नाही. 'रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर चालू आहे, अमुक टर्फ, अमुक रोड' असं सांगा, कारण तो सरळ नियमाचा भंग आहे आणि त्यावर लगेच कारवाई करता येते. नुसत्या ओरडण्याचं आणि बॅटच्या आवाजाचं तसं नाही, तिथे डेसिबल मोजावे लागतात, मर्यादेच्या दहा डेसिबल वर गेलं की नियमांखाली तक्रार बसते. फोन केल्याची वेळ डायरीत लिहा. दुसऱ्या दिवशी पोलिस स्टेशनला लेखी अर्ज द्या आणि कॉपीवर शिक्का घ्या, इनवर्ड नंबरशिवाय परत येऊ नका.

नाव कळेल याची भीती पुष्कळांना असते, विशेषतः एकट्या राहणाऱ्या आजींना. कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या लाउडस्पीकरच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना सांगितलं की तक्रारदाराची ओळख न मागता कारवाई करा आणि ती ओळख समोरच्याला कळू देऊ नका. पोलिस ठाण्यात हे अदबीने सांगा, निकालाची प्रत जवळ ठेवा.

उजेडाला आवाजासारखे आकडे ठरवून दिलेले नाहीत, तिथे पोलिस फारसं काही करू शकत नाहीत. शेड, गच्चीवरचं बांधकाम, करारातल्या वेळा, हे सगळं वॉर्ड ऑफिसचं. बीएमसीच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार करून तक्रारीचा नंबर घ्या आणि शिवाय असिस्टंट कमिशनरच्या नावाने पत्र द्या. सगळ्या वस्तीलाच त्रास असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडेही जाता येतं, तो सार्वजनिक उपद्रवाचा रस्ता आहे, त्याबद्दल वकिलाला विचारा.

कोर्टात जायचंच झालं तर

दावा कोणी करायचा हे आधी बघा. ज्याचं घर आहे आणि ज्याला प्रत्यक्ष त्रास आहे तो. मुंबईत निम्मे लोक अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहतात, आणि तुमचा जागेत हक्कच नाही असा वाद समोरचा काढू शकतो, म्हणून अशा वेळी फ्लॅटच्या मालकाला बरोबर घ्या. सोसायटी दावा करणार असेल तर जनरल बॉडीचा ठराव नीट लिहून घ्या, कोणाला सहीचा अधिकार दिला ते त्यात यायला हवं, आणि तरीही ज्यांच्या खिडक्या मैदानावर आहेत त्या दोन-तीन घरांना दाव्यात वैयक्तिक घ्या, कारण झोप सोसायटीची मोडत नाही, माणसांची मोडते.

आधी वकिलाची नोटीस जाते. बीएमसीला पक्षकार करायचं असेल तर महापालिका कायद्याच्या कलम ५२७ ची एक महिन्याची नोटीस आणि सरकारला करायचं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, याचा हिशेब आधी करा, कोर्टाची मे महिन्याची सुट्टी लागायच्या आधी दाखल व्हायला हवं म्हणून लोक धावतात आणि इथे अडकतात. सरकारच्या बाबतीत फारच तातडी असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन नोटिशीशिवाय दाखल करता येतं.

दावा मुंबईत सिटी सिव्हिल कोर्टात, फोर्टला, किंवा पश्चिम उपनगरातलं असेल तर दिंडोशीला. २०२४ पासून या कोर्टाची मर्यादा दहा कोटी रुपयांपर्यंत वाढलीय, त्यामुळे असे वाद हायकोर्टात मूळ दावा म्हणून न्यायची वेळ सहसा येत नाही. मागायचं ते विशिष्ट दिलासा कायदा, १९६३ च्या कलम ३८ खालचा कायमचा मनाईहुकूम, नुकसानभरपाई, आणि निकाल लागेपर्यंत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९ खाली तात्पुरता मनाईहुकूम. खरी लढाई या तात्पुरत्या हुकुमाची असते, दाव्याला वर्षं लागतात. तिथे जज तीन गोष्टी बघतात, सकृद्दर्शनी, म्हणजे प्रथम बघताच, केस आहे का, गैरसोय कोणाची जास्त, आणि नंतर पैशाने भरून न येणारं नुकसान आहे का. आणि चौथी गोष्ट न बोलता बघतात, एवढी वर्षं गप्प का होता. म्हणून त्रास सुरू झाल्यावर दोन-दोन वर्षं नुसतं चिडत बसू नका.

मागणी मोजूनमापून लिहा. इंग्लंडमध्ये मोटरबोटींच्या शर्यतींची एक केस होती, केनवे विरुद्ध थॉम्पसन, १९८१ ची. अपील कोर्टाने शर्यती बंद केल्या नाहीत, वर्षातून एक तीन दिवसांची आंतरराष्ट्रीय, दोन दोन-दोन दिवसांच्या राष्ट्रीय आणि तीन एकेक दिवसाच्या क्लबच्या, एवढ्याच मोठ्या शर्यती घ्या आणि बाकी दिवस ७५ डेसिबलच्या वर आवाजाची बोट नको, असं आखून दिलं. मला हा हुकूम फार आवडतो. आपल्या अर्जातही असंच असावं, सोमवार ते शुक्रवार दहानंतर खेळ नाही, दिवे सव्वादहाला बंद, स्पीकर कधीच नाही, आमच्या बाजूला इतक्या फुटांची जाळी महिन्याभरात, वर्षातून चार टूर्नामेंट, आठ दिवस आधी सोसायटीला कळवून. असं लिहिलेलं असलं की जजला हो म्हणणं सोपं जातं, आणि समोरचा वकीलही बाहेर पॅसेजमध्ये सेटलमेंटचं बोलायला येतो. तेव्हा बोला. कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात जायची तयारी दाखवा, संमतीने झालेला हुकूम लोक जास्त पाळतात असा माझा अनुभव आहे.

खर्चाची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे फुकट वकील मिळतो, आणि स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे फार कमी जणींना माहीत असतं.

हे करू नका

आलेला बॉल ठेवून घेऊ नका, फोटो काढा आणि परत द्या, तो दुसऱ्याचा आहे आणि उद्या तुमच्यावरच तक्रार येते. वायर कापणं, दिव्यावर दगड, वरून पाणी टाकणं, यातलं काहीही केलं की दोन महिन्यांची डायरी वाया. सोसायटीच्या ग्रुपवर टर्फवाल्याला चोर, गुंड लिहू नका, स्क्रीनशॉट बाहेर जातात आणि कोर्टात लागतात. आणि पोरांवर ओरडू नका, ती खेळायला आलीत, वेळ त्यांनी ठरवलेली नाही.

हुकूम मिळाल्यावर

सर्टिफाइड कॉपी काढा. एक टर्फच्या मालकाला, एक चालवणाऱ्याला, एक पोलिस स्टेशनला इनवर्ड करून, एक वॉर्ड ऑफिसला. वॉचमनच्या केबिनमध्ये वेळांचा कागद लावा म्हणजे रात्री फोन कोणाला करायचा ते त्यालाही कळेल. डायरी थांबवू नका, पहिल्या महिन्यात तर मुळीच नाही, कारण हुकूम मोडला तर ऑर्डर ३९ नियम २-अ खाली अर्ज करता येतो, कोर्ट मालमत्ता जप्त करू शकतं किंवा तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत पाठवू शकतं, आणि त्या अर्जालाही तारीख आणि वेळच लागते.